एका पुलाची दोन जेवणं

ग्योकलाननं चाळीस वर्षं च्वीखाऊ गावच्या बाजारात बाचांग विकले. बांबूच्या पानात चिकट भात, डुकराचं मांस आणि शेंगदाणे भरायचे, त्रिकोणी पुडी वळायची, वरून सुती दोऱ्याचा फेरा द्यायचा आणि एका झटक्यात अशी गाठ मारायची की पुडी उकळत्या पाण्यात तीन तास नाचली तरी सुटायची नाही. बासष्टाव्या वर्षी तिनं दुकान सुनेच्या हवाली केलं आणि घरी बसली. आठव्या दिवशी नवराच हात जोडून म्हणाला, "तू त्या पूलवाल्यांच्यात जा बाई. घरातली कपाटं तीनतीनदा पुसून झाली. आता माझी पाळी येईल."

पूलवाले म्हणजे च्वीखाऊचं रविवार सेवा मंडळ. त्यात न्हावी होते, भाजीवाले होते, निवृत्त मास्तर आणि बँकेतल्या बायका होत्या. उन्हाळ्यात वादळानं उडालेली छपरं नीट करायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरातले दिवे आणि नळ बदलून द्यायचे, आणि थंडीत, ओढ्यांचं पाणी उतरलं की, पूल बांधायचे. परवानगी जिल्हा कचेरीची, नकाशा इंजिनियरचा, बाकी सगळं रविवारी येणाऱ्या हातांनी. अशा रीतीनं बावीस पूल उभे राहिले होते. पुलावर कुणाच्याही नावाची पाटी लावायची नाही, एवढा एकच नियम मंडळानं लिहून ठेवला होता.

ग्योकलानला अर्थातच स्वयंपाक मिळाला. बाजारातली नामांकित बाई, तिच्या हातात दुसरं काय देणार? तीही खुशीत होती. तेविसाव्या पुलाच्या पहिल्या रविवारी तिनं गॅसच्या दोन शेगड्या, तीन मोठी पातेली आणि कोबीची दोन पोती ट्रकमध्ये चढवली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

पूल व्हायचा होता कामाखा आणि टिकना या दोन वस्त्यांच्या मधे. अलीकडे कामाखा, संत्र्यांच्या बागांची. पलीकडे टिकना, बांबूच्या बेटांची. मधे ओढा. पाणी ओसरलं की दगडांवरून उड्या मारत पाच मिनिटांत पलीकडे जाता यायचं. पाणी चढलं की मोटारीनं डोंगराला वळसा घालून पाऊण तास, आणि तेही रस्ता खचला नसेल तर.

ग्योकलाननं पहिली शेगडी पेटवली मात्र, संत्र्यांच्या बागेतून एक बाई तरातरा खाली आली. डोक्यावर शंकूसारखी टोपी, तिच्यावरून हनुवटीखाली बांधलेला फुलाफुलांचा रुमाल, हातात अजून पालेभाजी.

"हे काय चाललंय?"

"स्वयंपाक," ग्योकलान म्हणाली.

"आमच्यासाठी पूल बांधायला आलात, आणि आमच्याच दारात स्वतःचं शिजवून खाणार? उद्या खालच्या गावात आम्ही तोंड कुठे दाखवायचं? विझवा ती शेगडी!" आणि पुढे वाकून तिनं स्वतःच ती विझवली.

ही चाईहा. वय चौसष्ट, सहा वर्षांपूर्वी नवरा वारलेला, आणि कामाखात तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. अकरा वाजता तिनं चौतीस माणसांना बागेतल्या मांडवात बसवलं. सोयात मुरवून शिजवलेलं मांस, तिळाच्या तेलातली कोंबडी, आल्याचं सूप. लोक बोटं चाटत उठले आणि हातमोजे चढवू लागले, तोच ओढ्यापलीकडून आवाज आला. तो आवाज बांबूच्या बेटातून निघून थेट समोरच्या डोंगरावर आपटत होता.

"पूल काय हवेत संपणार आहे का? दुसरं टोक आमच्याकडेच टेकणार ना? की टिकनात माणसं राहत नाहीत?"

काठावर एक उंच, काटकुळा म्हातारा उभा होता. त्याच्यामागे जमिनीवर चार मोठी पातेली वाफाळत होती.

थियामहू मिस्त्रींनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मिस्त्री चौऱ्याहत्तर वर्षांचे. मंडळाचे बावीसच्या बावीस पूल त्यांच्या नजरेखालून गेलेले. त्यांनी पातेली पाहिली, मांडवातल्या चाईहाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना गोळा केलं.

"ऐका. दोन्हीकडे जेवायचं. पोटात जागा नसेल तर करा. कुणाचंही मन मोडायचं नाही."

"मिस्त्री, मी तीन वाट्या भात खाल्लाय," डॉक्टर लू कळवळून म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते आणि मंडळात सळया वाकवायचे काम करत.

"मग पलीकडे दोनच वाट्या खा. चला."

असं ते सुरू झालं. दर रविवारी अकराला कामाखात एक जेवण, दीडला टिकनात दुसरं. कामाखात बदकाचं मांस झालं की पुढच्या रविवारी टिकनात दोन बदकं. टिकनात बांबूच्या कोंबांचं सूप झालं की कामाखात माशाचं सूप, वर तळलेल्या कांद्यासकट. तिसऱ्या रविवारपासून लोक पट्ट्यांची भोकं मोजू लागले. जेवण झाल्यावर वाकायचं काम कुणी घेईना.

त्या पलीकडच्या म्हाताऱ्याचं नाव ओंगलाई, आणि तो चाईहाचा सख्खा मोठा भाऊ होता, हे ग्योकलानला दुसऱ्या रविवारी कळलं. चाईहा लग्न होऊन ओढ्याच्या अलीकडे आली होती. आई गेल्यावर, आई गावच्या लग्नकार्यात वापरायची ती हातभर खोल लोखंडी कढई चाईहा जुन्या बांबूच्या साकवावरून आपल्या घरी घेऊन आली. चौथ्या दिवशी वादळ झालं आणि साकव वाहून गेला. "चोरीच्या ओझ्यानं मोडला," असं ओंगलाई चार माणसांत बोलला. ते तिच्या कानावर आलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून भाऊबहीण एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

बोलत नव्हते, म्हणजे थेट बोलत नव्हते. एरवी काही कमी नव्हतं.

"ग्योकलान," चाईहा भाजी चिरता चिरता म्हणायची, "आज पलीकडच्या त्या माणसानं काय केलं होतं गं?"

"कोंबांचं सूप."

"त्याला सांग, कोंब दोनदा उकळून पहिलं पाणी टाकायचं असतं. आईनं शंभरदा सांगितलं होतं."

मग ग्योकलान दगडांवरून पलीकडे जायची. आता तिला स्वयंपाक नव्हताच. पहिल्या रविवारनंतर दोन्ही काठांनी तिची पातेली ट्रकमधून उतरूही दिली नव्हती.

"तिला सांगा," ओंगलाई म्हणायचा, "की कोंब आमच्या बेटात उगवतात. तिच्या संत्र्यांच्या झाडाला लागत नाहीत."

एकदा डॉक्टर लू टिकनात बसून, तोंडात घास असताना, सहज बोलून गेले, "पलीकडचं मांस मात्र लोण्यासारखं होतं हं." क्षणभर सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या वाटीत इतकं मांस आलं की भात दिसेना, आणि ओंगलाई ते संपेपर्यंत समोर हाताची घडी घालून उभा राहिला.

पाचव्या रविवारी निरोप पोचवून पोचवून ग्योकलान कंटाळली. ती थेट मिस्त्रींपाशी गेली. लाकडी फळ्यांचा साचा तयार झाला होता आणि त्यावर सळयांची जाळी बांधायचं काम चाललं होतं. आडवी सळई, उभी सळई, आणि जिथे दोन्ही एकमेकींना छेदतात तिथे तारेची गाठ. अशा हजारो गाठी.

"मिस्त्री, मला हे द्या."

"सळई म्हणजे बाचांग नव्हे, ग्योकलान."

"बघितलंय मी. तुमच्या पोरांना एका गाठीला तीन फेरे लागतात. आणि डॉक्टर तर दात काढल्यासारखे ओढतात."

"अहो काकू!" डॉक्टर लू म्हणाले.

मिस्त्री हसले. त्यांनी तारेचा एक झुबका आणि वाकड्या टोकाचा हूक तिच्या हातात ठेवला. "ह्या ओळीतल्या दहा बांध. मी पायानं तपासतो. एकही हलली तर परत जाऊन निरोप पोचवायचे."

तार दोऱ्यासारखी नव्हती. ती उलटी उसळायची, बोटाला टोचायची. पहिल्या तीन गाठी ग्योकलानला सोडाव्या लागल्या. मग तिनं हातमोजा काढला. उघड्या बोटांना तारेचा स्वभाव कळला. फेरा तिरका घ्यायचा, टोकं जवळ आणायची, हूक अडकवून मनगटानं दीड वळसा, बस. दहाव्या गाठीपर्यंत तिच्या ओठांतून बाजारात म्हणायची तशी आपोआप मोजणी सुरू झाली होती. मिस्त्री आले, आणि बुटाच्या टाचेनं त्यांनी एकेका गाठीवर लाथ घातली. जाळी घुमली, पण हलली नाही.

"हं," मिस्त्री म्हणाले. मंडळात त्यांचं 'हं' पदकासारखं मानायचे. "ती पलीकडची बाजू सगळी तुझी. टिकनाकडची."

त्या संध्याकाळी ट्रकमध्ये तिची बोटं काळी पडली होती आणि दोन जागी रक्त आलं होतं. डॉक्टर लूंनी पट्ट्या लावून दिल्या. ती मात्र खिडकीबाहेर बघत एक वेगळाच विचार करत होती. चाळीस वर्षांत तिनं किती गाठी मारल्या असतील! त्यातली प्रत्येक गाठ कुणीतरी भुकेल्या बोटांनी सोडण्यासाठीच मारलेली होती. ही मात्र कुणी सोडणार नव्हतं. काँक्रीटच्या पोटात जाऊन ती तिथेच राहणार, वरून लोक संत्री घेऊन जाणार, आणि कुणाला कळणारही नाही. हे तिला फार आवडलं. का आवडलं ते तिला सांगता आलं नसतं.

काँक्रीट ओतायचा रविवार डिसेंबरच्या मध्यात आला. निळं, कोरडं आकाश होतं. कामाखाच्या काठावर पंपाची गाडी उभी राहिली, मागे काँक्रीटचे ट्रक रांगेत लागले. मिस्त्रींनी काठावर जमिनीची राखण करणाऱ्या भूदेवाच्या देवळीत उदबत्त्या लावल्या आणि सातला काम सुरू झालं. पंपाची लांब सोंड पुलावर आली, राखाडी चिखल धबाधब पडू लागला, माणसं गुडघ्याएवढ्या रबरी बुटांत उभी राहून तो पसरू लागली. काम कामाखाच्या टोकापासून टिकनाकडे सरकत होतं. दोन्ही वस्त्यांत चुली पहाटेपासून पेटल्या होत्या. ओतणीचा दिवस म्हणून आज दोघांनीही आपलं सगळं पणाला लावलं होतं.

साडेनऊला, शेवटचा चौथा हिस्सा राहिला असताना, पंपानं एक लांब उसासा टाकला आणि सोंड जागच्या जागी थांबली. खालून काळं तेल गळायला लागलं.

पंपवाल्यानं आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मान हलवली. "दुसरा पंप मागवतो. दोन तास तरी लागतील."

"दोन तासांत हे दगड होईल," मिस्त्री म्हणाले. "इथे सांधा राहिला तर हा पूल मी कुणाला वापरू देणार नाही." सुपारी थुंकून त्यांनी टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांना टोपी काढताना कुणी पाहिलं नव्हतं. "बादल्यांनी ओतावं लागेल. पण ओल्या काँक्रीटवरून चालता येत नाही. म्हणजे या काठावरून खाली, ओढ्यातून पार, आणि त्या काठावरून वर. एवढी मोठी साखळी करायची तर शंभर माणसं हवीत. आपण आहोत छत्तीस."

"शंभर आहेत," ग्योकलान म्हणाली.

"कुठे?"

"चुलींपाशी."

ती आधी मांडवात गेली. "चाईहा ताई, पंप मोडला. सगळी माणसं द्या, आत्ता."

"माझं मांस उकळतंय..."

"उकळू दे!"

चाईहानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, झारा खाली टाकला आणि बागेकडे वळून अशी काही हाक दिली की शिड्यांवरून संत्री काढणारे लोक धडाधड खाली उतरले. ग्योकलान तोवर ओढ्यात शिरली होती. दगड शोधत बसायला वेळ नव्हता. पोटऱ्यांपर्यंत गार पाणी तुडवत ती पलीकडे पोचली. ओंगलाईला काही सांगावं लागलं नाही. तो काठावरून सगळं बघत होता आणि त्याच्यामागे अख्खं टिकना, हातात घरातल्या होत्या नव्हत्या त्या बादल्या, टोपल्या, एका पोराच्या हातात तर बाळाच्या आंघोळीचा टब, असं उभं होतं.

"कुठे उभं राहायचं तेवढं सांगा," तो म्हणाला.

पाच मिनिटांत साखळी लागली. कामाखाच्या उतारावर कामाखाची माणसं, टिकनाच्या चढावर टिकनाची, मधे मधे मंडळाचे लोक. रिकाम्या बादल्या परत न्यायला म्हातारे आणि शाळकरी मुलं. दोन्ही वस्त्यांच्या ओळी पाण्यात येऊन भिडायच्या होत्या, आणि तिथे, कुणी ठरवलं नसताना, कामाखाच्या ओळीच्या शेवटी चाईहा आली आणि टिकनाच्या ओळीच्या तोंडाशी ओंगलाई. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही पाण्यातल्या दगडांचा अभ्यास करू लागले.

ग्योकलान मुकाट्यानं दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

पहिली बादली आली. चाईहानं ती ग्योकलानला दिली, ग्योकलाननं ओंगलाईला. दुसरी. तिसरी. हळूहळू हातांना ताल सापडला. कामाखाच्या उतारावरून कुणीतरी "हेई!" म्हणायचं आणि टिकनाच्या चढावरून उत्तर यायचं "हो!" मुलं रिकाम्या बादल्या वाजवत पळत होती. वर डॉक्टर लू ओतलेलं काँक्रीट पसरत नुसते ओरडत होते, "येऊ दे! येऊ दे!"

"त्याला सांग, दोन्ही हातांनी धर," चाईहा ग्योकलानच्या कानाशी म्हणाली. "अडुसष्टचा झालाय, पाठ भरेल."

"तिला सांगा, पाठ माझी आहे."

साठेक बादल्या गेल्या असतील, तोच वरून मिस्त्रींचा आवाज आला. "ग्योकलान! वर ये! टिकनाच्या टोकाला कुणाचा तरी पाय पडून जाळी सरकलीय. काँक्रीट तिथे पोचायच्या आत बांधायला हवी. पळ!"

ग्योकलाननं हातातली बादली पुढे दिली, दोघांकडे एकदा पाहिलं आणि पाण्यातून बाहेर पळाली. चढ चढून ती साच्यावर पोचली, गुडघ्यांवर बसली, खिशातला हूक काढला. सरकलेल्या सळया जागी ओढून तिनं पहिली तार घातली, आणि तिच्या लक्षात आलं की "हेई" आणि "हो" दोन्ही थांबले आहेत.

तिनं फळीवरून खाली वाकून पाहिलं. पाण्यात चाईहा भरलेली बादली धरून उभी होती. तिच्यासमोर ओंगलाई रिकाम्या हातांनी. दोघांमधे माणूसभर जागा, ग्योकलानची. चाईहाच्या मागे एकामागून एक बादल्या अडकत चालल्या होत्या.

"काय झालं?" वरून मिस्त्री गरजले. "चालू द्या!"

चाईहानं आजूबाजूला पाहिलं. निरोप द्यायला कुणी नव्हतं.

"धर की!" ती ओरडली. "हात काय नुसते सूप ढवळायला दिलेत का?"

"मग दोन पावलं पुढे ये ना!" ओंगलाई तितक्याच जोरात ओरडला. "लहानपणापासून अर्ध्या वाटेत थांबायची सवय!"

"तू ये! मोठा कोण आहे?"

तो एक पाऊल पुढे आला. तीही आली. बादली एका हातातून दुसऱ्या हातात गेली. साखळीतून एक मोठं "हेई!" उठलं आणि काम पुन्हा सुरू झालं.

पण आता ते दोघं थांबेनात. अकरा वर्षांचं तुंबलेलं एकेका बादलीबरोबर बाहेर पडू लागलं, आणि वर गाठी बांधणाऱ्या ग्योकलानला त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

"कढई मी चोरली नव्हती! आईनं सांगितलं होतं, तू घेऊन जा म्हणून!"

"मला कुठे सांगितलं होतं?"

"तू विचारलंस कधी?"

"धर, सांडतेयस!"

"तू हलवतोस म्हणून सांडतंय!"

"आणि ते कोंबांचं पहिलं पाणी मी टाकतो! गेली पन्नास वर्षं टाकतो! तुला कुणी सांगितलं टाकत नाही म्हणून?"

"चवीवरून कळतं!"

"चाखलंस कधी तू?"

चाईहानं घाईघाईनं पुढची बादली त्याच्या हातात कोंबली. मंडळाच्या डब्यातून ग्योकलान दर रविवारी तिला त्या सुपाची एक वाटी चोरून आणून देत होती, ही गोष्ट तिसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती. वर ग्योकलान ओठ चावून हसली आणि पुढची गाठ बांधली.

बादल्या येत राहिल्या, जात राहिल्या. आरडाओरडा हळूहळू खाली आला, जसा दमलेल्या माणसांचा येतो. मग ओंगलाई अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुझा नवरा गेला तेव्हा मी आलो होतो."

"खोटं."

"रस्ता खचला होता. ओढ्याला पूर होता. त्या पिवळ्या दगडापाशी उभा होतो, सकाळपासून. तुमच्या अंगणातला मांडव दिसत होता. अंत्ययात्रेची वाजंत्री ऐकू येत होती. तिसऱ्या प्रहरी परत गेलो."

तीन बादल्या गेल्या. चार गेल्या.

"छत्री होती का?" चाईहानं विचारलं.

"नव्हती."

"मूर्ख."

"हो."

"धर नीट. ही जड आहे."

ग्योकलानला समोरची सळई अंधुक दिसायला लागली. तिनं मनगटानं डोळे पुसले, गालावर काँक्रीटचा पट्टा उमटला, आणि ती पुढच्या सळईकडे सरकली. राखाडी चिखल तिच्या टाचांपर्यंत आला तेव्हा शेवटची गाठ बांधून झाली होती. डॉक्टर लूंनी तिला दंडाला धरून काठावर ओढून घेतलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटची बादली वर आली. ती कुणी ओतायची यावर थोडा गोंधळ झाला, मग ती टबवाल्या पोरानं ओतली. मिस्त्री लांब फळीनं पृष्ठभाग सपाट करत मागे मागे आले, काठावर उतरले, एक डोळा मिटून सगळं न्याहाळलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"हं."

दोन्ही काठांवर अशी आरोळी उठली की बांबूच्या बेटातले बगळे उडाले.

मग कुणाच्या तरी नाकाला वास लागला. कामाखात मांसाचा तळ कोळसा झाला होता. टिकनात सूप आटून चिकट गोळा उरला होता. भात दोन्हीकडे करपलेला. चाईहा पातेल्यात डोकावून मटकन खाली बसली. "आजच! आजच्या दिवशीच!"

"उठा," ग्योकलान म्हणाली. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच तिला कुणी अडवलं नाही. तिनं करपलेलं खालचं सोडून वरचं मांस काढून घेतलं, त्यात ते आटलेलं कोंबांचं सूप घातलं, भाताचा काळा थर खरवडून टाकला, वर ओंजळभर आलं आणि कांद्याची पात फेकली, आणि सगळं एकत्र परतलं. एकशे दहा माणसं ओढ्यातल्या दगडांवर, काठांवर, उतारावर जिथे जागा मिळेल तिथे बसली. मिळेल त्यात खाल्लं, काहींनी टोपीत.

"ह्यात माझं मांस आहे म्हणून बरं लागतंय," चाईहा म्हणाली.

"सूप कुणाचं आहे?" ओंगलाई म्हणाला.

डॉक्टर लूंनी वाटीतून मानच वर केली नाही.

पूल सुरू झाला तो जानेवारीच्या शेवटी, काँक्रीट पुरतं पक्कं झाल्यावर. आधी भूदेवाची मूर्ती पालखीतून पुलावरून फिरवली, फटाक्यांच्या माळा लागल्या, लाल कागदांचा खच पडला. कचेरीतले साहेब भाषण करायला उभे राहिले, पण पालखीमागची गर्दी त्यांच्या भाषणाच्या आधीच पूल ओलांडून गेली होती, तेव्हा तेही कागद खिशात घालून लोकांच्या मागून चालू लागले.

टेबलं पुलावरच मांडली होती. मंडळाच्या लोकांना वाटलं, चला, आता भाऊबहीण बोलायला लागले, म्हणजे जेवण एकच. ते टेबलापाशी आले आणि त्यांचे चेहरे उतरले. चाईहानं सोळा पदार्थ केले होते. ओंगलाईनं सतरा.

"त्यानं रात्री चोरून एक वाढवला," चाईहा सगळ्यांना सांगत फिरत होती. "आमचं सोळा सोळा ठरलं होतं!"

"लोणचं पदार्थात धरत नाहीत," ओंगलाई म्हणाला.

"कोण म्हणतं धरत नाहीत? आई धरायची!"

"आई लोणचं धरायची? आई?"

ते भांडत भांडत एकमेकांच्या ताटात वाढत होते. मिस्त्रींनी ग्योकलानला कोपरानं ढोसलं. "मार्चमध्ये दक्षिणेला एक काम आहे. चौदा मीटर. सळईचं बघशील का?"

"आणि स्वयंपाक?"

"तिथल्या लोकांनी आधीच कळवलंय. करू देणार नाहीत म्हणे." मिस्त्री हसले. "एकच वस्ती आहे. चौकशी केलीय मी."

तेवढ्यात मागून घंटी वाजली. टिकनाची एक नव्वदीची आजी बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीवर बसून येत होती. गळ्यात नवा रुमाल, मांडीवर काहीच सामान नाही. लोकांनी खुर्च्या सरकवून तिला वाट दिली. ती कामाखाच्या टोकाला गेली, गाडी वळवली आणि परत आली. पुन्हा खुर्च्या सरकल्या. टिकनाच्या टोकाला तिनं पुन्हा गाडी वळवली.

"आजी, कुणाकडे जायचंय तुम्हाला?" डॉक्टर लूंनी तिसऱ्या फेरीला खुर्ची उचलत विचारलं.

"कुणाकडे नाही," आजी म्हणाली. "मी आपली जातेय. आणि येतेय. तुझं काय जातंय? सरक."

डॉक्टर सरकले. ग्योकलाननंही आपली खुर्ची उचलली, ताट एका हातात सावरलं, आणि आजी घंटी वाजवत दोघांच्या मधून पुढे गेली.